दीनी तालीम आणि दुनियावी तालीम: ही फाळणी कधी झाली?

कोकणीपुरा

राज्य सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतल्या डी.एड. शिक्षकांचं मानधन ६,००० वरून १६,००० आणि बी.एड. शिक्षकांचं ८,००० वरून १८,००० रुपये केलं. तेव्हापासून आमच्या जुन्या नाशकात, चौक मंडईपासून वडाळा नाक्यापर्यंत, एक वाद सुरू आहे. काही जण म्हणतात, गणित, विज्ञान, इंग्रजी आणलं की मदरसा सुधारला. बाकीचे म्हणतात, दीनी तालीम (धर्मशिक्षण) दीनीच राहू द्या, सरकारचा पैसा आला की सरकारचा हातही येतो. दोन्हीकडच्या लोकांनी एक गोष्ट न तपासता धरून चालली आहे: ज्ञानाचे असे दोन कप्पे आहेत आणि ते धर्मानेच पाडलेत. माझं वाचन वेगळं सांगतं, म्हणून हा धागा.

इमाम गझाली (१०५८ ते ११११) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवायचे. 'इह्या उलूमुद्दीन'चा पहिलाच भाग त्यांनी ज्ञानावर लिहिलाय. त्यात काही ज्ञान प्रत्येक माणसावर फर्ज (बंधनकारक) आहे आणि काही सगळ्या समाजावर मिळून फर्ज आहे. दुसऱ्या प्रकाराला फर्ज-ए-किफाया म्हणतात. गावातल्या काहींनी ते मिळवलं तर बाकीचे सुटतात, कुणीच मिळवलं नाही तर सगळं गाव गुन्हेगार. या दुसऱ्या यादीत वैद्यक आहे, हिशेब आहे, शेती, विणकाम, शिवणकाम आहे. पुढे ते चिडून लिहितात की कितीतरी शहरांत मुसलमान वैद्य सापडत नाही, आणि विद्यार्थी मात्र सगळे फिकहच्या (धर्मकायद्याच्या) मागे धावतात, कारण त्यात काझीपद मिळतं, वक्फचा कारभार मिळतो, मान मिळतो. नऊशेहून जास्त वर्षांपूर्वीची ही तक्रार आहे!

इतिहासकार इब्न खल्दूनने 'मुकद्दिमा' लिहिली १३७७ मध्ये. तो थेट शिकवण्याच्या पद्धतीवर बोलतो. मगरिबमध्ये (वायव्य आफ्रिकेत) मुलांकडून फक्त कुरआन पाठ करून घेत, अंदलुसमध्ये (मुस्लिम स्पेनमध्ये) सोबत कविता, व्याकरण, सुलेखनही शिकवत. परिणामी मगरिबची मुलं भाषेत अडखळतात, असं त्याने नोंदवलंय. ग्रंथांचे संक्षेप पाठ करून घेण्याच्या प्रथेवर त्याचा राग आहे. विद्यार्थी वर्षानुवर्षं वर्गात गप्प बसतात, म्हणून विषयावर त्यांची पकड येत नाही. पकड चर्चेने येते, असं तो म्हणतो. आणि मारून शिकवलेलं मूल खोटं बोलायला आणि लपवायला शिकतं, हेही त्याने स्पष्ट लिहिलंय.

आता आपल्याकडे या. आज 'पूर्वापार' म्हणून ज्याचं नाव घेतात तो दर्से निजामी, म्हणजे मदरशांचा अभ्यासक्रम, लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात बसवला (ते १७४८ मध्ये वारले). त्यात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान भरपूर होतं, गणित होतं, हदीस (पैगंबरांची वचनं) तुलनेने थोडी. कारण त्यातून काझी, मुफ्ती आणि दरबारी अधिकारी तयार व्हायचे. इंग्रजांनी १८३७ मध्ये फारसीला सरकारी भाषेच्या जागेवरून हटवलं आणि त्या नोकऱ्यांचा पायाच गेला. १८५७ नंतर उरलंसुरलं संपलं. मग १८६६ मध्ये देवबंद उभं राहिलं, १८७५ मध्ये सर सय्यद यांचं अलीगढ. देवबंदने अभ्यासक्रमात हदीसचं वजन वाढवलं, तत्त्वज्ञानाचं घटवलं. अलीगढने इंग्रजी विद्या घेतली आणि धर्मशिक्षण एका तासापुरतं ठेवलं.

म्हणजे फाळणीचं वय जेमतेम दीडशे वर्षं. ती राज्य गेल्यामुळे झाली. माझं म्हणणं असं: नुसते विषय वाढवून काही होणार नाही. कशासाठी शिकायचं आणि कसं शिकवायचं, हे दोन प्रश्न पुन्हा एकत्र मांडले तरच त्याला तजदीद (नूतनीकरण) म्हणता येईल. तुमची मतं हवीत, विशेषतः जे आत शिकवतात त्यांची.

पंचवटीचे_मास्तर

उत्तम धागा. मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.

पहिली, पाठांतराला तुच्छ लेखू नका. आमच्या पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळा आहेत. तिथली मुलं पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींसह संहिता मुखोद्गत करतात. हाफिज होणारा, म्हणजे सगळं कुरआन पाठ करणारा मुलगा आणि घनपाठी होणारा बटू, दोघांच्या कष्टाची जात एकच. दोघांपुढचा प्रश्नही एकच: सोळाव्या-सतराव्या वर्षी पुढे काय? कायद्याच्या नजरेतही दोघे शेजारी आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यातून मदरसे आणि वैदिक पाठशाळा एकाच कलमात वगळल्या गेल्या.

दुसरी गोष्ट. त्या सरकारी योजनेला ज्यांचं नाव आहे त्या झाकीर हुसेन यांना लोक राष्ट्रपती म्हणून ओळखतात. आम्ही त्यांना नई तालीममुळे ओळखतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद झाली आणि योजना तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. सात वर्षांचं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं. हा माणूस बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेला, आणि जामिया मिलिया बंद पडायच्या बेतात असताना त्याने आणि सहकाऱ्यांनी वीस वर्षं दीडशे रुपयांहून जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली होती. वर्धा योजनेत धर्मशिक्षण नाही म्हणून मुस्लिम लीगने त्यांच्यावर टीका केली. पण हाताने काम करत शिकणं, त्यातून चारित्र्य घडणं, हा विचार त्यांनी आपल्या श्रद्धेबाहेरून आणला होता असं मला कधी वाटलं नाही. कोकणीपुरा, तुमच्या मांडणीत जामिया यायला हवं होतं. १९२० मध्ये अलीगढमधूनच फुटून निघालेली ती संस्था दोन टोकांमधला रस्ता शोधत होती.

मुदर्रिस_वडाळा

अस्सलामु अलैकुम. मी मदरशात शिकवतो, हिफ्जचे (कुरआन पाठांतराचे) वर्गही घेतले आहेत आणि आता दर्से निजामीची खालची इयत्ता शिकवतो.

आधी आकडा नीट घेऊ. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं की शाळेत जायच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ३ टक्केच पूर्णवेळ मदरशात आहेत. बाकीची शाळेत जातात, किंवा कुठेच जात नाहीत. मशिदीतल्या मकतबात तास-दीड तास नाजिरा (कुरआन बघून) वाचून शाळेत पळणारं मूल मदरशाचं विद्यार्थी नसतं. तरी समाजाच्या मागासपणाचं सगळं ओझं या तीन टक्क्यांच्या डोक्यावर ठेवलं जातं, याचं वाईट वाटतं.

मास्तर, तुम्ही पाठांतराबद्दल लिहिलंत, शुक्रिया. बाहेरच्याला वाटतं की मूल डोलत बसलंय. फज्रनंतर (पहाटेच्या नमाजनंतर) नवा सबक म्हणजे धडा ऐकवायचा, मग गेल्या काही दिवसांचं सबकी, मग आमोख्ता म्हणजे मागचे पारे. एक जेर-जबर (स्वरचिन्ह) चुकली तर उस्ताद थांबवतात. त्या मुलाची एकाग्रता मी शाळेतल्या कुठल्या मुलात पाहिली नाही.

कोकणीपुरा भाई, इब्न खल्दूनचं तुम्ही पूर्ण सांगितलं नाहीत. काझी अबू बक्र इब्न अल-अरबी यांनी सुचवलं होतं की आधी अरबी आणि कविता, मग हिशेब, आणि कुरआन त्यानंतर, मूल समजायला लागल्यावर. इब्न खल्दून म्हणतो, पद्धत फार सुंदर आहे, पण लोकांच्या सवयी तिला साथ देणार नाहीत. मूल मोठं झालं की हाताबाहेर जातं, शिक्षण सुटतं, मग कुरआन राहूनच जाईल. म्हणून लहानपणीच कुरआन. आमचे बुजुर्गही हेच सांगतात.

आणि मुख्य हरकत. आलिम (धर्मविद्वान) तयार करणाऱ्या संस्थेला सगळे विचारतात की तुमचा विद्यार्थी अभियंता का होत नाही. अभियांत्रिकी कॉलेजला कुणी विचारत नाही की तुमच्या मुलाला तफसीर (कुरआनचं विवरण) का येत नाही. देवबंदचे एक संस्थापक मौलाना नानौतवी यांनी तेव्हा हेच मांडलं: सरकारी विद्या सरकारी शाळांत मिळतेच, जी विद्या अनाथ झाली आहे ती आम्ही सांभाळतो, हवं तर मूल नंतर तिकडे जाईल.

तुमच्या बाजूने एवढं मान्य करतो की आम्हाला कसं शिकवायचं हे कुणी शिकवत नाही. आज फारिग झालो (शिक्षण संपलं), उद्या वर्गावर. बालमानसशास्त्र नाही, धड्याचं नियोजन नाही. आपले उस्ताद जसे शिकवायचे तसंच आपण. चांगले उस्ताद लाभले तर ठीक.

रविवार_कारंजा

वाचतोय. असे धागे वरचेवर यावेत.

सत्यशोधकी

हमीद दलवाईंच्या विचारावर वाढलेला माणूस आहे, त्यामुळे थोडं कडू लिहिणार.

प्रत्येक सुधारक शेवटी एकाच जागी येतो: हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. गझालींकडे होतं, इब्न खल्दूनकडे होतं. मग प्रश्न असा की ते गेलं का? राज्य गेलं म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. इजिप्तमध्ये मुहम्मद अब्दुह यांनी अल-अझहर विद्यापीठ बदलायचा आयुष्यभर प्रयत्न केला, १९०५ मध्ये ते राजीनामा देऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षी वारले. तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या शाखा आल्या १९६१ मध्ये, त्याही नासरच्या कायद्याने, म्हणजे सरकारी दांडग्याईने. आतून बदल झाला नाही.

आणि मूल कुठे आहे या सगळ्यात? आठव्या वर्षी मुलाचं आयुष्य ठरवायचा अधिकार बापाला, उस्तादाला, समाजाला. मास्तर, हे तुमच्या वेदपाठशाळेलाही लागू आहे. शिक्षणाचं तत्त्वज्ञान म्हणायचं तर त्यात विद्यार्थ्याला 'हे खरं कशावरून?' असं विचारायची जागा हवी, आणि तो प्रश्न मूळ ग्रंथापर्यंत पोहोचायला हवा. ती जागा नसेल तर संगणक ठेवा किंवा प्रयोगशाळा बांधा, फरक पडत नाही.

कोकणीपुरा

सत्यशोधकी, तुमच्या प्रश्नाला ज्याने अंगावर घेतलं त्याचं नाव सांगतो: फझलुर रहमान (१९१९ ते १९८८). पाकिस्तानात सरकारी संशोधन संस्थेचे संचालक होते. त्यांच्या लिखाणावरून एवढं वादळ उठलं की १९६८ मध्ये राजीनामा देऊन त्यांना देश सोडावा लागला, पुढे शिकागोला शिकवलं. १९८२ च्या पुस्तकात त्यांनी याच विषयाची चिरफाड केली आहे. जुन्या अभ्यासक्रमाला आधुनिक विषयांचं ठिगळ लावणं आणि आधुनिक विषयांवर इस्लामी शिक्का मारणं, दोन्ही त्यांना फोल वाटलं. त्यांचा मार्ग दुहेरी: आधी आजच्या प्रश्नापासून मागे जाऊन कुरआनचा आदेश कोणत्या परिस्थितीत आला आणि त्यामागचं नैतिक तत्त्व काय हे शोधायचं, मग ते तत्त्व घेऊन आजच्या परिस्थितीत परत यायचं. हे करायला इतिहास लागतो, समाजशास्त्र लागतं. तिथे इतिहास हा 'दुनियावी' विषय उरतच नाही, कारण त्याच्याशिवाय तफसीरच होत नाही. मला जोडणी म्हणायची आहे ती ही.

शिक्का मारण्याचा प्रकार १९७७ च्या मक्का परिषदेनंतर जोरात आला. ज्ञानाचं इस्लामीकरण या नावाने इस्माईल फारूकी यांनी मोठी योजनाच मांडली. नकीब अल-अत्तास त्यांच्याहून खोल आहेत, शिक्षणाचा गाभा ते अदब मानतात, म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिची योग्य जागा देता येणं. पण शाळेच्या वर्गात यातून काय उतरलं ते मला फारसं दिसत नाही, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

मुदर्रिस साहेब, इब्न खल्दूनचा उरलेला भाग तुम्ही दिलात हे बरं झालं. पण त्यात पुढे एक अट आहे. मूल शिकत राहणार याची खात्री असती तर काझींचीच पद्धत सर्वोत्तम ठरली असती, असं तो म्हणतो. आज मूल दहावीपर्यंत तरी शिकेल अशी व्यवस्था आहे. मग त्याच्याच तर्काने आपण कुठे पोहोचतो?

शाहीन_मालेगाव

माझं आलिमाचं शिक्षण मालेगावात निवासी मदरशात झालं, नंतर तुमच्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. सध्या मुलींना शिकवते.

वर सगळी पुरुषांचीच नावं आली, म्हणून एक घालते. करीमा अल-मर्वझिया, अकराव्या शतकातल्या. मक्केत 'सहीह बुखारी' शिकवायच्या आणि दूरदूरचे मोठे पुरुष विद्वान त्यांच्याकडून सनद घ्यायला यायचे. इब्न हजर अस्कलानींच्या उस्तादांमध्ये कितीतरी बायका होत्या. आज मुलींचा आलिमा कोर्स मुलांच्या आलिम कोर्सपेक्षा बहुतेक ठिकाणी आखूड असतो. फिकहच्या मोठ्या किताबा गाळलेल्या असतात, कारण 'पुढे घरच तर सांभाळायचंय'. बायकांचे मसले मात्र रोज आमच्याकडे येतात! तलाकचा, वारशाचा, महेरचा. आम्हाला अर्धवट शिकवायचं आणि मग बाईने पडद्याआडून एखाद्या मुफ्तींना फोन करायचा, यात ना दीन आहे ना शहाणपण. सुधारणेची सुरुवात कुठून म्हणाल तर मी इथून म्हणेन.

दुसरं, मराठी. आमच्याकडे सगळं शिक्षण उर्दूतून. उर्दू माझी आहे, ती जायला नको. पण तहसील कार्यालयातला दाखला मराठीत, पोलीस ठाण्यातला जबाब मराठीत, दवाखान्यातली चिठ्ठी मराठीत. गझालींच्या यादीत विणकाम आहे हे वाचून मालेगावकर म्हणून बरं वाटलं. मग याच न्यायाने मालेगावात, नाशकात राहणाऱ्यांवर मराठी हे फर्ज-ए-किफाया का नाही? मोहल्ल्यात अर्ज लिहून देणारं एकही माणूस नसेल तर गुन्हा सगळ्यांचा. आणि हे उलटही लागू आहे. वारशाचे, वक्फचे, निकाहनाम्याचे मसले नीट मराठीत लिहिलेले असते तर मास्तरांसारख्यांना आमच्या घरात काय शिकवतात हे थेट वाचता आलं असतं.

प्रश्न विचारण्याबद्दल: मला एक उस्तानी लाभल्या, त्या 'दलील काय?' असं आम्हालाच विचारायच्या. उत्तर चुकलं तरी रागवायच्या नाहीत, गप्प बसलं की रागवायच्या. इब्न खल्दून त्यांनी वाचला होता की नाही, कुणास ठाऊक.

सातपुडा_नंदुरबार

आमच्या जिल्ह्यातलं अक्कलकुवा कुणी कसं सांगितलं नाही? मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेला मदरसा. आज त्या संस्थेची औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं आहेत, जालना जिल्ह्यात बदनापूरला वैद्यकीय महाविद्यालयही आहे. जानेवारी २०११ मध्ये ते देवबंदचे प्रमुख झाले आणि एका मुलाखतीवरून उठलेल्या वादात जुलैत त्यांना हटवलं गेलं. एवढ्या मागास भागात, आदिवासी पट्ट्यात एवढं उभं करणं साधी गोष्ट नाही.

मात्र कोकणीपुरांच्या कसोटीवर लावलं तर माझ्याही मनात शंका येते. एका आवारात तफसीर, दुसऱ्या इमारतीत औषधशास्त्र. डॉक्टर होणारा आणि मुफ्ती होणारा एकमेकांच्या वर्गात कधी बसतात का? अवयवदानाचा किंवा कृत्रिम श्वसनयंत्र काढण्याचा फतवा विचारला तर दोघांनी मिळून उत्तर द्यायला हवं.

पंचवटीचे_मास्तर

शाहीनताई, तुमचा मराठीचा मुद्दा नोंदवून ठेवतो. नाशकात हे करता येण्याजोगं आहे. निवृत्त शिक्षक भरपूर आहेत आणि पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मुदर्रिस साहेबांना अडचण नसेल तर खासगीत बोलू. मात्र मी शिकवायला येईन तर मलाही तुमच्या वर्गात मागे बसून एक तास ऐकायचं आहे.

मुदर्रिस_वडाळा

मास्तर, जरूर या. व्यवस्थापनाशी बोलून कळवतो. मुलं असरनंतर (संध्याकाळआधीच्या नमाजनंतर) मोकळी असतात, पण तो त्यांचा खेळायचा वेळ आहे, तो घ्यायला नको. जुहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) बघू.

कोकणीपुरा भाई, दहावीचा मुद्दा मी टाळत नाही. आमच्या काही मुलांना आम्ही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावीला बसवतो. हिफ्ज पूर्ण झाल्यावर दोन-तीन वर्षं त्याची तयारी. पण हिफ्ज मोठेपणी नेता येणार नाही. लहान वयात बसलेला पाठ जन्मभर राहतो, हे मी रोज डोळ्यांनी बघतो. तिथे काझींचं ऐकणार नाही.

शाहीन बाजी, तुमचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. मुलींना 'हिदाया' हा फिकहचा ग्रंथ पूर्ण शिकवायला हवा.

सत्यशोधकी साहेब, 'हे खरं कशावरून' याबद्दल. तुम्ही 'हिदाया'चा एक पाठ ऐकावा अशी विनंती आहे. त्याचे लेखक मर्गीनानी बऱ्याच मसल्यांत इमाम शाफईंचं मत देतात, त्यांची दलील देतात, मग इमाम अबू हनीफा यांचं मत आणि दलील. कधी खुद्द अबू हनीफा एकीकडे आणि त्यांचे दोन शागीर्द दुसरीकडे. विद्यार्थ्याला विरुद्ध बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडता आली पाहिजे, नाहीतर त्याला फिकह येतो असं आम्ही मानत नाही. गझालींनी फलासिफांचं (तत्त्ववेत्त्यांचं) खंडन लिहिण्याआधी त्यांचंच म्हणणं मांडणारं स्वतंत्र पुस्तक लिहिलं, 'मकासिद अल-फलासिफा'. अडचण अशी की परीक्षेच्या धाकाने हा वाद आता शरहमधून (भाष्यातून) पाठ केला जातो. वाद पाठ करणं म्हणजे वाद मारणं. हे बदलायला ना सरकारी मानधन लागतं ना नवा विषय. उस्ताद लागतो.

पण अकीद्याच्या (मूळ श्रद्धेच्या) बाबतीत तुमचं-माझं जमणार नाही. कुरआन अल्लाहचा कलाम आहे, इथून माझा वर्ग सुरू होतो. त्याच्या अर्थाबद्दल मूल हवं तेवढं विचारू दे.

सत्यशोधकी

मुदर्रिस साहेब, सरळ उत्तर दिलंत, आभारी आहे. फिकहच्या वर्गाबद्दल मला एवढं माहीत नव्हतं, पाठ ऐकायला येईन.

वर्ग तिथून सुरू करायला माझी हरकत नाही, ती तुमची संस्था आहे. पण पंधराव्या वर्षी एखाद्या मुलाने तोच पहिला प्रश्न विचारला तर त्याचं काय होतं, यावर माझा निर्णय ठरेल. त्याला उत्तर मिळतं, की घरी निरोप जातो?

मुदर्रिस_वडाळा

माझ्या वर्गात उत्तर मिळतं. सगळीकडे मिळतं असं म्हणणार नाही. गुरुवारी जुहरनंतर या, मास्तरांबरोबरच या.